कुत्र्याचं नाव काहीही ठेवा, साखळी मात्र आणा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले काही आठवडे वाचकांच्या मजेदार गप्पा रंगल्या आहेत. घरच्या कुत्र्या-मांजरांची नावं काय, आणि शनिवार-रविवार धरून कोणत्या समुद्रावर जाऊन आलात. दोन्ही विषय माझ्या अंगणातले. मी गुहागरचा. टपाल खात्यात पोस्टमन होतो, निवृत्तीनंतर घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. नोकरीत होतो तेव्हा गावातली कुत्री नावानिशी ओळखायचो, आता मुंबई-पुण्याची ओळखतो. गप्पांत भर घालावी म्हणून लिहायला बसलो आहे, पण पुढे थोडं बोचणारंही येईल. जागेअभावी काटछाट करावी लागली तर ते बोचणारं ठेवा, बाकीचं गेलं तरी चालेल.

पोस्टमनला घर नंतर कळतं, कुत्रा आधी कळतो. गुहागरात खालचा पाट, वरचा पाट अशी लांबच लांब वस्ती. समुद्राच्या अंगाची घरं घेतलीत तर पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू. बेडं, म्हणजे अंगणाचं फाटक, उघडलं की पहिलं स्वागत कुत्र्याचं. खाकी कपड्यांवर या जातीचा राग का, हे मला तेहतीस गावचं पाणी प्यायलेले साहेबही सांगू शकले नाहीत. पण नाव घेऊन हाक मारली की निम्मं भुंकणं तिथंच थांबतं, हा अनुभव. म्हणून नव्या पोस्टमनला बीट, म्हणजे टपाल वाटायचा भाग, समजावून देताना मी माणसांच्या आधी कुत्र्यांची नावं पाठ करून घ्यायचो. मोत्या, वाघ्या, खंड्या, काळू, टिप्या, राजा. एकाच पाटात इतके मोत्ये की देवळामागचा मोत्या, पाणंदीतला मोत्या, चावरा मोत्या अशी फोड करावी लागे.

वाघ्या आणि खंड्या ही थेट खंडोबाच्या घरची नावं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. तिकडे सहलीला गेलो होतो तेव्हा वाट वाकडी करून मुद्दाम पाहून आलो. बरोबरची मंडळी हसली, पण पोस्टमनला कुत्र्याच्या समाधीसमोर हात जोडताना काय वाटतं ते त्यांना नाही कळायचं.

इंग्रजी नावांची हौस तेव्हाही होतीच. टॉमी, टायगर, जॅकी. रशियानं १९५७ साली लायका नावाच्या कुत्रीला अवकाशात धाडलं, त्यानंतर कैक वर्षांनी मी नोकरीला लागलो तरी माझ्या बीटवर लायका होती. ती खरं तर लायका नव्हे, लायक्या होता. पण विचारतो कोण. अंजनवेलला एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प येणार म्हणून सगळा तालुका ढवळून निघाला त्या दिवसांत जन्मलेल्या एका पिल्लाचं नाव एन्रॉन पडलं. प्रकल्प २००१ साली बंद पडला. हा एन्रॉन पुढेही बरीच वर्षं विनाखंड भुंकत राहिला.

त्या काळच्या पत्रांतही या नावांना जागा असायची. चाकरमान्याचं अंतर्देशीय आलं की पुष्कळ घरांत ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. म्हातारी पडवीत बसून ऐकायची. गिरगावात पाऊस किती, मनीऑर्डर कधी, धाकट्याला नोकरी लागली का, आणि मग शेवटच्या घडीवर बारीक अक्षरात: ‘कपिला व्याली का? मोत्याला भाकरी घालत जा.’ घरच्या माणसांना सगळ्यांना मिळून एक नमस्कार, आणि मोत्याला स्वतंत्र ओळ. आपल्या पुरवणीत एका वाचकानं लिहिलं आहे की हल्लीच्या पिढीलाच प्राण्यांचा एवढा लळा. त्यांनी ती पत्रं ऐकायला हवी होती.

आता हल्लीची नावं. पाहुण्यांच्या वहीत माणसांची नोंद करावीच लागते. मी कुत्र्याचीही करतो, जुनी खोड. ब्रुनो, सिंबा, लिओ, ऑस्कर, कोको हे नेहमीचे. गेल्या काही वर्षांत खाऊची लाट आली आहे. लाडू, पेढा, जिलबी, बिस्किट, मोमो. अंगारकीला आमच्याकडे उकडीचे मोदक होते आणि पाहुण्यांच्या पगचं नाव मोदक. वाढताना बाई म्हणाल्या, ‘काकू, मोदकला मोदक नको हं, त्याला डॉक्टरांनी गोड बंद केलंय.’ आमची ही जी स्वयंपाकघरात शिरली ती बराच वेळ बाहेर आली नाही, हसू आवरेना. एका बीगलचं नाव वसंतराव होतं. त्याला मालक रात्री ‘वसंतराव, शू करून घ्या’ असं अहोजाहो करायचे आणि शेजारी त्याच नावाचे गृहस्थ ओटीवर सुपारी कातरत बसलेले. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. ‘शौर्य, खाली उतर, ओला आहेस तू!’ अशी हाक आली की झोपाळ्यावरून मुलानं उतरायचं की कुत्र्यानं, हे प्रत्यक्ष कोण उतरतंय ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

यात मला काही वावगं वाटत नाही. कुंभार्ली घाट उतरून, नाहीतर दाभोळहून फेरीबोटीनं धोपाव्याला येऊन माणसं दमूनभागून पोचतात, गाडीचं दार उघडतं आणि पहिली उडी कुत्र्याची. त्या जिवाला समुद्र दिसला की जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्राण्याला सहा-सात किलोमीटरची सलग पुळण म्हणजे काय असेल!

पण आपल्या गप्पांत काही नावं आली नाहीत. प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी. ही ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्यांची नावं. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी २०२२ च्या सुरुवातीला या पाचजणींच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं चिकटवून त्यांना समुद्रात सोडलं. पहिली वेळासची, म्हणून प्रथमा. सावनी आंजर्ल्याची. बाकीच्या तिघी आमच्या गुहागरच्या. पुढच्या वर्षी गुहागरातूनच बागेश्री आणि गुहा गेल्या. त्यातली बागेश्री खाली दक्षिणेला उतरली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवणाऱ्या माणसाला या प्रवासाचं किती अप्रूप वाटलं असेल, तुम्हीच ताडा. तिची बातमी आली की मी नकाशा काढून बसायचो.

या माद्या आमच्या किनाऱ्यावर येतात त्या रात्री, अंधारात. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत मागच्या वल्ह्यांनी हात-दीड हात खोल खड्डा करायचा, शंभरएक अंडी घालायची, वाळू लोटून वर अंगानं थोपटायची आणि परत जायचं. पिल्लांचं तोंड पाहायला ती थांबत नाही. पहाटे कासवमित्र मुलं पुळणीवरून चालत निघतात, वाळूतला माग ओळखतात, अंडी काढून वन विभागाच्या जाळीच्या कुंपणात, म्हणजे हॅचरीत, तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं वर येतात, म्हणजे शेवटची पिल्लं मे महिन्यापर्यंत निघत असतात. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, म्हणून खड्डा कुठे आणि किती खोल यालाही महत्त्व. हे सगळं का करावं लागतं? तर अंडी जागच्या जागी ठेवली तर ती उरत नाहीत. पूर्वी माणसं काढून न्यायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली वेळासला काम सुरू केलं आणि गावोगाव समज आली तसं ते बहुतेक थांबलं. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. आता राहिले कोल्हे आणि कुत्रे. कोल्ह्याला मी काय सांगणार? कुत्र्याच्या मालकाला मात्र सांगू शकतो.

एका प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली होती. गाव तुडुंब. पहाटे मी नेहमीप्रमाणे फिरायला पुळणीवर गेलो. सुरूच्या झाडांखाली गाड्या, कोणी तंबू ठोकलेले. पुढे चार कुत्री एका जागी तन्मयतेनं उकरत होती. तीन आमची, गावातली. चौथं सोनेरी केसांचं, गळ्यात लाल पट्टा, शहरातलं. वाळूवर मादीचा येण्याजाण्याचा माग अजून स्वच्छ दिसत होता आणि त्याच्या टोकाला ही पंगत. मी काठी आपटून हाकलली तोवर बराच फराळ झाला होता. कासवमित्र मुलगा धावत आला, शाबूत राहिलेली अंडी गोळा करायला लागला. तेवढ्यात सोनेरीचे मालक हातात कॉफीचा मग घेऊन तंबूतून आले. म्हणाले, ‘अंकल, डोन्ट वरी, तो एकदम फ्रेंडली आहे.’ आहे ना. माझा हात चाटत होता तो. पण अंड्यांशी मैत्री कशी करायची हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. गृहस्थ वाईट नव्हते. कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांना ठाऊकच नव्हतं की या किनाऱ्यावर कासव येतं. सहलीची सगळी तयारी करून आलेला, हेदवी-वेळणेश्वरच्या रस्त्यावर मासे कुठे चांगले मिळतात इथपर्यंत माहिती असलेला माणूस, पण त्याला हे सांगणारं वाटेत कोणी भेटलं नव्हतं. पाटी होती, पण ती पुळणीच्या एका टोकाला आणि ते उतरले दुसऱ्या टोकाला.

आता न्यायाचं बोलतो. पाहुण्यांबरोबर येणारी कुत्री ही अडचणीतला लहान वाटा. मोठा वाटा आमच्या गावातल्या मोकाट कुत्र्यांचा, आणि ती वाढली आहेत ती आमच्याच पोटपूजेवर. हंगामात शनिवारी रात्री पुळणीलगतच्या खाणावळींच्या मागे एकदा फेरी मारा. सुरमईची डोकी, कोलंबीची सालं, कोंबडीची हाडं, उरलेला भात. सगळं उघड्यावर. शुक्रवार ते रविवार कुत्र्यांची चंगळ, आणि सोमवारी गर्दी उतरली की उपास. मंगळवारी उपाशी टोळी पुळणीवर हिंडणार नाही तर जाणार कुठे? ही मंडळी माझ्याच धंद्यातली, त्यामुळे मी असं लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. न आवडो. मोकाट कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण ही केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. पण छोट्या गावाकडे ना पिंजरे, ना त्या कामाचे डॉक्टर. पर्यटनातून जे चार पैसे गावात येतात त्यातले थोडे इकडे वळवायला काय हरकत आहे, हे मी इथल्या बैठकांतूनही विचारून चुकलो आहे.

आणि एक प्रकार असा आहे की तो लिहिताना माझा हात जड होतो. लांब सुट्टी संपली, गाड्या गेल्या, आणि एक पांढरं-तपकिरी, लांब कानांचं कुत्रं आमच्या बेड्याशी येऊन बसलं. गळ्यात पट्टा, पट्ट्यावर काही नाही. चुकलं म्हणावं तर शोधत कोणी आलं नाही. गावातल्या सगळ्या मुक्कामाच्या जागी विचारून झालं. सोडून गेले असतील असं शेजारी म्हणाले. मी अजूनही ते म्हणत नाही. त्याचं नाव कळावं म्हणून मी पाहुण्यांची वही काढली आणि पडवीत बसून एकेक हाक मारली. ब्रुनो? सिंबा? लिओ? कान हलेना. मग लाडू, पेढा, बर्फी, जिलबी, अख्खं मिठाईचं दुकान झालं. मोत्या, वाघ्याही म्हणून पाहिलं. ढिम्म. शेवटी शाळेतून आलेल्या शेजारच्या पोरानं दप्तर टाकता टाकता सहज ‘सिट!’ म्हटलं आणि हे ताडकन बसलं. नाव कळलं नाही, शिक्षण इंग्रजी माध्यमातलं झालं आहे एवढं कळलं. टपाल खात्यात पत्ता नसलेल्या पत्रांसाठी निदान एक वेगळं कार्यालय असतं, तिथे ते उघडून पाहतात आणि परत पाठवायचा प्रयत्न करतात. कुत्र्याला ती सोय नाही. त्यामुळे ते आमच्याकडेच आहे. गाव त्याला पाहुणा म्हणतं. रात्री ते पडवीत बांधलेलं असतं, आणि पहाटे मी फिरायला जातो तेव्हा साखळी माझ्या हातात असते, मग पुळणीवर चिटपाखरू नसलं तरी.

काही पर्यावरणप्रेमींचं म्हणणं असतं की हंगामात पाळीव कुत्र्यांना किनाऱ्यावर सरसकट बंदी घाला. मला ते पटत नाही. बंदी घातली की माणसं लपवून आणतात, गाडीत काचा बंद करून कोंडून ठेवतात, नाहीतर जिथे विचारणारं कोणी नाही अशा निर्जन टोकाला सोडतात, आणि कासव नेमकं तिथेच येतं. साखळीत असलेल्या कुत्र्यानं घरटं उकरलेलं मी तरी पाहिलेलं नाही. तेव्हा नोव्हेंबर ते मे या काळात सूर्यास्तापासून चांगलं उजाडेपर्यंत कुत्रं साखळीत ठेवा, दिवसा पाण्याजवळच्या ओल्या वाळूत हवं तेवढं पळू द्या. वरच्या कोरड्या वाळूत आणि हॅचरीच्या आसपास मात्र नको. पट्ट्यावर फोन नंबर कोरून घ्या, सोनाराकडेसुद्धा करून मिळतो. रात्री पुळणीवर विजेऱ्या फिरवू नका. पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात, तुमचा उजेड जमिनीकडे असेल तर तीही जमिनीकडे वळतात. गाडी वाळूत घालू नका, हे तर कासवासाठी नाही, तुमच्यासाठीच सांगतो. भरती आली की गाडी ओढायला आमच्याकडे ट्रॅक्टर शोधत येता आणि ट्रॅक्टरवाला त्या दिवशी जो भाव सांगतो त्याला मी जबाबदार नाही.

आपल्याकडे मागणं एवढंच की सहलीच्या पानावर हॉटेलांची आणि थाळ्यांची माहिती छापता, तिथेच एका चौकटीत कोणत्या किनाऱ्यावर कोणत्या महिन्यांत कासवं येतात, पिल्लं सोडताना पाहायला मिळतात ते कधी, दोरीच्या अलीकडे का उभं राहायचं, हे द्या. वेळास, आंजर्ले, गुहागर. तिन्हीकडची माहिती वन विभागाकडे आणि कासवमित्रांकडे मिळेल. पिल्लं सोडतात ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी. रविवारी दुपारी जेवून निघायच्या घाईत ती दिसायची नाहीत, हेही छापा. निसर्ग काही पाहुण्यांच्या चेक-आऊटच्या वेळेवर चालत नाही, हे समजावता समजावता आमची तोंडं दुखतात.

जाता जाता, नावांच्या गप्पांसाठी एक विषय देतो. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर एक मादी अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्याला धातूची खूणपट्टी होती, क्रमांक ०३२३३. चौकशी केली तर ती पट्टी २०२१ साली ओडिशात, गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर लावलेली निघाली. पूर्वेच्या समुद्रावरची बाई आख्ख्या हिंदुस्थानाला वळसा घालून आमच्या दारात आली. आमच्या लक्ष्मीला, रेवाला, गुहाला नावं मिळाली, हिला मात्र अजून नुसता नंबर. आपल्या वाचकांना नावं ठेवायची एवढी हौस आहे, तर हिच्यासाठी एक सुचवा म्हणावं. खाण्याचा पदार्थ सोडून.

आपला नम्र,
एक निवृत्त पोस्टमन
गुहागर, जि. रत्नागिरी